विंचवाचं बिऱ्हाड, पण चंदेरी! – वॉली बायमची गोष्ट



४ जुलैचा लाँग विकएंड जवळ आला की आपल्या सगळ्यांच्या घरी फोनाफोनीला ऊत येतो. कोण कुठे निघालंय, मोठा कूलर कोणाकडे आहे, धपाटे कोण करणार, आजी-आजोबांना कोणाच्या गाडीत बसवायचं... या धामधुमीत आम्हाला हल्ली एका माणसाची हटकून आठवण होते. त्याचा जन्मही ४ जुलैचाच, १८९६ सालचा. नाव वॉलेस मर्ल बायम, पण सगळे त्याला वॉलीच म्हणायचे. हायवेवर उन्हात चमकणारी, गोल कडांची, चांदीच्या लांबट डब्यासारखी एअरस्ट्रीम गाडी आपण सगळ्यांनी कधी ना कधी पाहिली आहे आणि मुलांनी मागच्या सीटवरून बोट दाखवून आरडाओरडाही केला आहे. ती गाडी या वॉलीची.

आमचा त्याच्याशी संबंध आला तो बाबांमुळे. आई-बाबा दर दोन वर्षांनी भारतातून सहा महिन्यांसाठी येतात. बाबांना यलोस्टोन बघायचं होतं. पण दोन वेळा ठरलेली ट्रिप त्यांनी गुडघ्याचं निमित्त काढून टाळली. खरं कारण आईने शेवटी स्वयंपाकघरात हळूच सांगितलं. त्यांना दर तासाला बाथरूमला जावं लागतं, आणि हे कोणाला सांगायची त्यांना लाज वाटते. गाडीत बसायचं असेल तर ते आदल्या रात्रीपासून पाणी पिणं बंद करायचे! हे कळल्यावर आम्हाला फारच वाईट वाटलं. मग शोधाशोध करून आम्ही एका शेतकऱ्याच्या शेडमधे कित्येक वर्षं धूळ खात पडलेली, १९८० च्या दशकातली एअरस्ट्रीम मोटारहोम विकत घेतली. (ज्यांना हा फरक माहीत नाही त्यांच्यासाठी : ट्रेलर म्हणजे आपल्या गाडीच्या मागे जोडून ओढायचं घर, आणि मोटारहोम म्हणजे ज्या घराला स्वतःचंच इंजिन आणि स्टिअरिंग आहे ते.) छप्पर गळत होतं, जमिनीचं प्लायवूड कुजलं होतं, आणि सोफ्यात उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या. दुरुस्तीत दोन हिवाळे गेले. त्या दोन हिवाळ्यांत, हात ग्रीसने काळे झालेले असताना, हा वॉली आम्हाला भेटत गेला.

वॉली जन्मला ऑरेगॉनमधल्या बेकर सिटी या गावी. आजोबा खेचरांचे तांडे घेऊन मालाची ने-आण करायचे, आणि लहानपणी हा त्यांच्याबरोबर हिंडायचा. थोडा मोठा झाल्यावर त्याने मेंढ्या राखायचं काम धरलं. तेव्हा त्याचं घर म्हणजे गाढव जोडलेली एक दोनचाकी गाडी. तिच्यात रॉकेलचा स्टोव्ह, शिधा, पाणी आणि अंथरूण. मेंढ्या जातील तिकडे घर जाणार. आपल्याकडे चराईच्या दिवसांत घोड्यांवर बिऱ्हाड लादून निघालेले धनगर पाहिले आहेत ना, तसंच काहीसं. आमच्या मते वॉलीच्या पुढच्या सगळ्या उद्योगाचं बी इथे आहे. बाकी सगळी त्या गाढवाच्या गाडीचीच सुधारलेली आवृत्ती!

पुढे तो जहाजावर गेला. केबिन बॉय म्हणून चढला आणि तीन वर्षांनी मेट होऊन उतरला. मग स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकला, आणि १९२० च्या दशकात लॉस एंजलिसला येऊन जाहिरातींचा मजकूर लिहिणं, वर्तमानपत्रात लिहिणं, स्वतःची मासिकं काढणं असे धंदे करू लागला. यंत्रांचं रीतसर शिक्षण त्याला अजिबात नव्हतं, हे आम्ही मुद्दाम सांगतोय. कारण आपल्यातले बरेच जण इंजिनिअर, आणि इंजिनिअर नसलेल्या माणसाने काही बनवलं की आपल्या कपाळाला आठी पडते.

वॉलीला कॅम्पिंगची हौस. त्याने फोर्डच्या मॉडेल टी गाडीचा सांगाडा घेतला, त्यावर फळ्यांचा ओटा केला, आणि मुक्कामाला पोचलं की त्यावर तंबू उभारायचा अशी युक्ती काढली. पण दिवसभर गाडी हाकून दमल्यावर पावसात तंबू ठोकणं म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांनाच ठाऊक. त्याची पत्नी मॅरियन हिने निक्षून सांगितलं की स्वयंपाकाची सोय नसेल तर ती काही येणार नाही. झालं! वॉलीने तंबू काढून टाकला आणि त्या ओट्यावर पाण्याच्या थेंबाच्या आकाराची एक कायमची खोली बांधली. तिच्यात बर्फाची छोटी पेटी आणि रॉकेलचा स्टोव्ह बसवला. पुढच्या गाड्यांमधे त्याने जमीन दोन चाकांच्या मधे खाली घेतली आणि छत उंच केलं, म्हणजे माणसाला आत ताठ उभं राहता यावं. ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ताठ उभं राहून ओट्याशी भाजी चिरता येणं आणि उकिडवं बसून चिरणं यातला फरक आईला विचारा!

अशी गाडी शंभर डॉलरमधे घरी कशी बांधावी यावर त्याने लेख लिहिला आणि पाच-पाच डॉलरना नकाशे विकले. मागणी इतकी आली की शेजाऱ्यापाजाऱ्यांसाठी परसातच गाड्या बांधायला सुरुवात झाली, आणि १९३१ मधे कारखाना निघाला. साल बघा. अमेरिकेत महामंदी, बँका बुडताहेत, लोकांच्या नोकऱ्या जाताहेत, आणि हा माणूस फिरायच्या गाड्या विकतोय! एअरस्ट्रीम हे नाव १९३४ पासूनचं.

आता त्या चंदेरी रूपाबद्दल. इथे न्यायाने बोलायला हवं, कारण पुष्कळ ठिकाणी सगळं श्रेय वॉलीलाच दिलेलं दिसतं. ते खरं नाही. अल्युमिनिअमचा पत्रा रिव्हेट मारून जोडलेला, विमानाच्या धडासारखा ट्रेलर आधी बनवला तो हॉली बोलस याने, १९३४ मधे. चार्ल्स लिंडबर्गने ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्या विमानाच्या बांधणीवर देखरेख करणारा हा माणूस. विमानं बांधणाऱ्याच्या हातून गाडीही विमानासारखीच झाली. वॉली त्याचे ट्रेलर विकायचा. बोलसचा धंदा बसला, आणि १९३६ च्या जानेवारीत वॉलीने त्याच धर्तीवरचा आपला क्लिपर बाजारात आणला. बोलसच्या गाडीचं दार पुढच्या टोकाला होतं, वॉलीने ते बाजूला आणलं. आत चार जणांची झोपायची सोय, बंद-उघड होणारं टेबल, विजेचे दिवे, स्वतःचं पाणी. किंमत १,२०० डॉलर, त्या काळात फार मोठी. त्या वर्षी अमेरिकेत ट्रेलर बनवणाऱ्या चारशेच्या आसपास कंपन्या होत्या म्हणतात. आज त्यातल्या बहुतेकांची नावंसुद्धा कोणाला आठवत नाहीत. बोलस गुणी होता, वॉली विकणारा होता. आमच्या गाडीचे रिव्हेट एकेक करून बदलताना आम्ही मनातल्या मनात आभार मात्र बोलसचेच मानले.

मग दुसरं महायुद्ध आलं. अल्युमिनिअम सगळं विमानांसाठी राखून ठेवलं गेलं आणि वॉलीला कारखाना बंद करावा लागला. युद्धाच्या काळात तो विमानांच्या कारखान्यात नोकरी करत होता. युद्ध संपल्यावर त्याने धंदा पुन्हा उभा केला. १९४७ साली आल्फ्रेड लतूर्नेर नावाच्या फ्रेंच सायकलपटूकडून सायकलला जोडून अख्खा ट्रेलर ओढून घेतला आणि त्याचा फोटो छापला. हलकी गाडी, हे सांगायला याहून वेगळी जाहिरात ती काय करायची! १९५२ मधे ओहायोतल्या जॅक्सन सेंटर या छोट्याशा गावात दुसरा कारखाना निघाला. आज सगळ्या एअरस्ट्रीम तिथेच बनतात.

इथपर्यंतचा वॉली हा एक हुशार धंदेवाला. आम्हाला तो आवडायला लागला तो यापुढे, आणि तेही त्याच्या एका फसलेल्या ट्रिपमुळे.

१९५१ च्या अखेरीस त्याने जाहीर केलं की आपण टेक्ससच्या सीमेवरून मेक्सिकोत शिरून मध्य अमेरिकेत जाणार, ज्याला यायचं त्याने ट्रेलर घेऊन यावं. ६३ ट्रेलर जमले. निवृत्त जोडपी, मुलंबाळं असलेली कुटुंबं, कधी गावाबाहेर न पडलेले लोक. पण तो पॅन-अमेरिकन हायवे तेव्हा पुरा झालेलाच नव्हता. कागदावर रेघ होती, जमिनीवर दगड आणि चिखल होता. आस मोडले, स्प्रिंग तुटल्या, जोडणीचे सांधे निखळले, माणसं आजारी पडली, एकमेकांवर वैतागली. एकेक कुटुंब मागे फिरत गेलं, आणि शेवटपर्यंत टिकले ते जेमतेम १४. आपल्या मंडळाच्या ट्रिपला तीन गाड्यांची चुकामूक झाली तरी पुढे वर्षभर त्याचा विषय निघतो. इथे तर ६३ घरं! सगळ्यांनी भरवशाने ज्याच्यामागे यावं तो माणूसच पुढे रस्ता आहे की नाही याची खात्री न करता निघाला होता. हा दोष त्याचाच, त्यात सारवासारव करण्यासारखं काही नाही. परत आल्यावर त्यानेही असल्या भानगडीत पुन्हा पडायचं नाही असं ठरवलं म्हणतात.

पण लोकच पुढच्या ट्रिपची तारीख विचारायला लागले! मोडलेला प्रत्येक सांधा वॉलीने कारखान्यात नेऊन मजबूत करून घेतला. तेव्हापासून त्याच्या यात्रा म्हणजे गाड्यांची परीक्षाच झाली. जे रस्त्यात मोडेल ते पुढच्या वर्षी बदलायचं. १९५५ साली कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या केंटव्हिल इथे या यात्रेकरूंचा क्लब स्थापन झाला, त्याच्याच नावाचा. गाडीवर मोठे लाल आकडे, डोक्यावर निळी गोल टोपी. १९५६ मधे हे लोक युरोपात गेले. या सगळ्याची खरी व्यवस्था बघायची ती त्याची चुलतबहीण, हेलन बायम श्वाम्बोर्न. पत्रव्यवहार, याद्या, परवानग्या सगळं तिच्याकडे. आपल्या मंडळांतही अध्यक्ष भाषण करतात आणि हॉलची चावी, भाजीचा अंदाज, उरलेल्या ताटांचा हिशोब दुसरंच कोणीतरी बघत असतं. हेलनबाईंचं नाव म्हणून इथे मुद्दाम लिहितो.

सगळ्यात मोठी यात्रा १९५९ ची. केप टाउन ते कैरो, आफ्रिकेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत! ४१ ट्रेलर, १०६ माणसं, ओढायला पिकअप ट्रक. यातले पुष्कळ जण साठीच्या पुढचे, म्हणजे आपल्या आई-बाबांच्या वयाचे. चिखलात गाड्या रुतल्या की पंधरा-वीस जण दोरखंड लावून ओढायचे. इथिओपियात तर कित्येक मैल रस्ता म्हणावा असं काहीच नव्हतं. आदिस अबाबाला सम्राट हाइले सेलासी यांची भेट झाली. आणि शेवटी इजिप्तच्या पिरॅमिडसमोर ते चंदेरी ट्रेलर गोलाकार उभे राहिले. तो फोटो आमच्या मोटारहोमच्या फ्रिजवर लावला आहे.

त्या फोटोवरून आमच्या घरात दोन तट आहेत, ते सांगायलाच हवेत. आमच्यातल्या एकाचं म्हणणं असं की ही माणसं आफ्रिकेत गेलीच नाहीत. ती अमेरिकेतच होती, फक्त अमेरिका चाकांवर घालून आफ्रिकेतून फिरवून आणली. आत आपलाच बिछाना, आपलाच स्वयंपाक, आपलीच माणसं. ज्या दक्षिण आफ्रिकेतून ते निघाले तिथे तेव्हा वर्णद्वेषाचे कायदे लागू होते, त्याचा त्या उत्साही फोटोंत मागमूस नाही. आणि अमेरिकेतसुद्धा त्या काळात काळ्या कुटुंबांना कित्येक मोटेलच्या दारातून परत पाठवत. आम्ही पाहिलेल्या क्लबच्या जुन्या फोटोंत आपल्या रंगाचा चेहरा शोधून सापडत नाही. आपल्याला या देशाचं दार मोकळेपणाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने, वॉली गेल्यानंतर तीन वर्षांनी.

दुसऱ्या तटाचं म्हणणं वेगळं. सत्तरीच्या बाईला कोणी नुसतं सांगितलं असतं की चल आफ्रिकेला, तर ती गेली असती का? आपलं अंथरूण, आपली न्हाणी, आपला चहा बरोबर आहे म्हणून ती घराबाहेर पडली. आणि गाडी रुतल्यावर ज्या गावकऱ्यांनी हात लावला त्यांच्याशी बोललीच ना? वॉलीचा स्वतःचा यावर ठाम विश्वास होता. सामान्य माणसं एकमेकांच्या दारात गेली की देशांमधली तेढ कमी होते, असं तो सगळीकडे सांगत फिरायचा. शिवाय आपण तरी काय करतो? प्रेशर कुकर, गोडा मसाला आणि मेतकूट घेऊनच विमानात चढलो की नाही? या वादाचा निकाल आमच्याकडे अजून लागलेला नाही. पिठल्याचा वास सुटला की तेवढ्यापुरता तह होतो.

आफ्रिकेहून वॉलीने एक नाव आणलं. तिथे पाहिलेल्या एका छोट्या हरणाच्या स्थानिक नावावरून त्याने १६ फुटी लहान ट्रेलरला बँबी म्हटलं. १९६१ मधे तो बाजारात आला, आणि १९६३ सालचा एक बँबी आज न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. पण वॉलीला पुढे फार दिवस मिळाले नाहीत. मेंदूत गाठ झाली आणि २२ जुलै १९६२ रोजी, वयाच्या ६६ व्या वर्षी तो गेला. जगाला वळसा घालणारी यात्रा त्याच्या मनात होती. ती त्याच्या माघारी, १९६३-६४ मधे निघाली. सिंगापूरहून निघून भारतातूनही ती गेली आणि पोर्तुगालमधे लिस्बनला संपली. आमच्या बाबांना हे कळल्यावर ते कितीतरी वेळ आठवत बसले, की त्या सुमारास आपण कुठे होतो आणि असली चांदीची वरात कधी दिसली होती का. नव्हती दिसली.

आमची गाडी ज्या जातीची, ती मोटारहोम वॉलीने पाहिलीच नाही. अल्युमिनिअमच्या अंगाची एअरस्ट्रीम मोटारहोम निघाली ती १९७९ मधे. पण त्याच्या डब्यांनी पुढे जी मुशाफिरी केली ती ऐकून तो हरखला असता. १९६९ मधे चंद्रावरून परतलेल्या अपोलो ११ च्या तिघांना जंतूंच्या भीतीने ज्या बंदिस्त खोलीत ठेवलं होतं, ती चाकं काढलेली, फेरफार केलेली एअरस्ट्रीमच होती. आणि स्पेस शटलच्या अंतराळवीरांना उड्डाणाच्या जागी नेणारी नासाची चंदेरी गाडी म्हणजे १९८३ सालची एअरस्ट्रीम मोटारहोम, आमच्या गाडीची सख्खी बहीण! कल्पना चावला १९९७ मधे आणि पुन्हा २००३ मधे तिच्यातूनच गेली. २००३ चं आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. ती गाडी आता फ्लॉरिडात केनेडी स्पेस सेंटरला ठेवली आहे. तिथे आम्ही उभे होतो तेव्हा मुलांनी आत डोकावून, आपल्या गाडीसारखंच दार आहे, असं आईला सांगितलं. आई काही बोलली नाही. तिने नमस्कार केला.

गेल्या ऑगस्टमधे यलोस्टोन झालं. गॅलनला सात-आठ मैल देणारी गाडी, त्यामुळे खर्चाचं विचारू नका. साउथ डकोटात फ्रिज बंद पडला आणि दोन किलो पनीर एका संध्याकाळी संपवावं लागलं. पण बाबा पुढच्या सीटवर बसले होते, हातात पाण्याची मोठी बाटली. दर तासाला उठायचे, मागे जाऊन यायचे, परत बसायचे आणि बाटली तोंडाला लावायचे. कोणाला काही सांगायची गरज नाही, कुठे थांबायची गरज नाही. ओल्ड फेथफुलचं पाणी उडेपर्यंत आम्ही सगळे ताटकळलो, तेव्हा ते गाडीतून खुर्ची काढून, पाय पसरून, अगदी घरच्यासारखे बसले होते.

कोणी आय-७५ ने ओहायोतून जाणार असेल तर थोडं आत वळून जॅक्सन सेंटरला जरूर जावं. कारखाना बघायची सोय आहे (वेळ आधी विचारून घ्या), आणि २०२२ पासून तिथे कंपनीचं संग्रहालयही आहे. नील आर्मस्ट्राँगचं गाव वापाकोनेटा तिथून जवळच, त्यामुळे एका दिवसात दोन्ही होतं. मुलांना चंद्रावरून आलेल्या माणसांची खोली आणि ती बनवणारं गाव एकदमच समजावून सांगता येतं.

येत्या ४ जुलैला आमची गाडी पुन्हा निघते आहे, यावेळी लेक सुपिरिअरच्या काठाने. दोन जागा रिकाम्या आहेत. फ्रिज दुरुस्त झालाय, पण त्याच्यावर फार विसंबू नये. धपाटे आपापले आणावेत.